वारुळाकाठची अळंबी

वारुळाभोवती एकही अळंबी नव्हती, आणि अक्का चिडली नाही. भाग्यलक्ष्मीला खुपलं ते हे दुसरं.

अळंबी नसणं एक वेळ समजू शकतं. माती आहे, तिच्या मनात आलं तर देईल, नाही तर नाही. पण दसऱ्यानंतर ढग असा गडगडला होता की बंगळुरातल्या मल्लेश्वरमात निम्म्या गाड्यांचे भोंगे आपोआप बोंबलायला लागले. असा गडगडाट झाला की तिसऱ्या पहाटे अळंबी वर येते, हे सासूबाईंनी सांगून ठेवलेलं, आणि आजवर ते खोटं ठरलेलं नव्हतं. दोघी जावा अंधुक उजेडात रुळांच्या कडेनं चालत आल्या, बंद पडलेल्या नर्सरीच्या भिंतीतल्या भगदाडातून वाकून आत शिरल्या, करंजाखालच्या वारुळापाशी पोचल्या आणि पाहतात तर काय, सगळं साफ! बरं, नुसतं साफ नाही. जिथून जिथून अळंबी निघाली होती, तिथली भोकं मातीनं नीट बुजवून वरून हातानं थापटलेली होती.

"या वर्षी दुसऱ्या कुणाला तरी लाभली म्हणायची," अक्का, म्हणजे थोरली जाऊ कृष्णाबाई, म्हणाली. "पण मेल्यांनी हळद-कुंकूसुद्धा लावलं नाही बघ वारुळाला. असू दे गं भाग्या. आपण लावू आणि जाऊ."

असू दे! एकदा फुलवालीनं अबोलीचा गजरा बोटभर कमी मोजला म्हणून जिनं आठव्या क्रॉसच्या रस्त्यावर गर्दी जमवली होती, ती बाई म्हणते असू दे. भाग्यलक्ष्मीच्या मनात शंकेची पाल चुकचुकली ती तिथेच.

तसं भाग्यलक्ष्मीचं संशयाशी जुनंच सख्य. दूधवाला हसला तर दुधात पाणी आहे, आणि नाही हसला तर जास्तच आहे, असा तिचा न्याय. ऑटोवाला नेहमीच्या रस्त्यानं गेला तरी ती मान उंच करून बाहेर बघत बसायची. पण थोरल्या जावेवर तिनं आजवर कधी संशय घेतला नव्हता. एवढी एकच जागा तिनं मोकळी ठेवली होती, आणि आता तिथेच किडा वळवळायला लागला.

हे घर पूर्वी एकच होतं, आता दोन आहेत. सासरे गेल्यावर थोरले जयसिंगराव आणि धाकटे चंद्रकांत, भाग्यलक्ष्मीचे यजमान, यांच्यात अंगणातल्या बोअरवेलवरून जे वाजलं, ते मधे भिंत घालूनच थांबलं. चंद्रकांत वारले तेव्हा जयसिंगराव खांदा द्यायला आले खरे, पण या घरात पाण्याचा थेंब घेतला नाही आणि पुन्हा कधी उंबरा चढले नाहीत. बायकोलाही सक्त ताकीद. कृष्णाबाई बिचारी मागच्या भिंतीवरून कढीपत्ता दिल्यासारखं करून दोन शब्द बोलायची, तेवढंच. कृष्णाबाईला 'दोड्डम्मा', थोरली आई, म्हणणारी भाग्यलक्ष्मीची लेक स्मृती नोकरीपायी कोरमंगलात मैत्रिणींबरोबर राहायला गेली, तेव्हापासून तर भाग्यलक्ष्मीच्या घरात भांडं पडलं तरी तो आवाज ऐकायला ती एकटीच.

म्हणून अळंबीच्या दिवसाचं एवढं अप्रूप. वर्षातून तो एकच दिवस कृष्णाबाई नवऱ्याला 'देवळात जाऊन येते' अशी थाप मारून बाहेर पडायची. दोघी बरोबर चालायच्या, बरोबर खणायच्या, आणि मग भाग्यलक्ष्मीच्या स्वयंपाकघरात ओलं खोबरं नि मिरी वाटून अळंबीचं कालवण रटरटायचं. एका पातेल्यातलं दोघी जेवायच्या, पोटभर हसायच्या, मेलेल्या सासूची नक्कल करायच्या. तो दिवस गेला तर या घराला त्या घराशी बांधणारं दुसरं काही उरत नव्हतं. भाग्यलक्ष्मीला हे पक्कं ठाऊक होतं, आणि म्हणूनच तिचा जीव जळत होता. अगं बाई, तुला अळंबी हवी होती तर मागायची होतीस! सगळी दिली असती. पण मला सोडून एकटी गेलीस?

कारण एकटीनं जायचं नाही, हा सासूबाईंचा पहिला नियम. वारूळ म्हणजे नागोबाचं घर, आणि घरधनी कधी दार उघडेल काही सांगता येत नाही. तेव्हा एकीनं खणायचं, दुसरीनं भोवताली लक्ष ठेवायचं. सुरी लावायची नाही, बांबूच्या काठीनं माती सैल करून अळंबी मुळासकट काढायची. वारुळाच्या अळंबीला बोटापेक्षा लांब मूळ असतं, थेट आत उतरलेलं. ज्याला मूळ नाही ते घरात आणायचं नाही, मग दिसायला किती का गोरंगोमटं असेना. भोकं बुजवून थापटायची. आणि निघताना वारुळाला हळद-कुंकू लावून फूल वाहायचं. नागोबाच्या दारी रिकाम्या हातानं नुसतं उभंसुद्धा राहायचं नाही.

आता तुम्हीच सांगा, भोकं बुजवून थापटणारं माणूस या बंगळुरात दुसरं कोण असणार? चोर काय माती थापटत बसतो? शिवाय ती काठी. काठी असायची कृष्णाबाईकडे. त्या पहाटे तिनं पदराआडून काठी काढली, तेव्हा टोकाला ओली माती होती. भाग्यलक्ष्मीनं पाहिलं होतं, पण तेव्हा त्याचा अर्थ लागला नाही. घरी येऊन कॉफी घेताना लागला, आणि कॉफी कडू झाली.

भरीस भर म्हणून दुपारी जयसिंगराव गच्चीवर आले आणि त्यांनी अशी काही ढेकर दिली की भिंतीवरची मांजर उठून गेली. "बऱ्याच दिवसांनी तोंडाला चव आली!" असं ते कुणाला तरी फोनवर म्हणाले. पलीकडे काय शिजलं होतं ते भाग्यलक्ष्मीला दिसलं नाही. वास घ्यायचा तिनं आटोकाट प्रयत्न केला, पण समोरच्या दर्शिनी हॉटेलातल्या सांबारापुढे कशाचं काय.

संध्याकाळी भिंतीवरून कृष्णाबाईचा हात आला, हातात कढीपत्त्याची डहाळी.

"भाग्या, गप्प का गं?"

"काही नाही अक्का. डोकं जरा चढलंय."

"मिरीचा काढा घे. आणि अळंबीचं मनाला लावून घेऊ नकोस. अजून एक गडगडाट होईल बघ, मग जाऊ."

मनाला लावून घेऊ नकोस म्हणे! हिला कसं कळलं मी मनाला लावून घेतलंय? भाग्यलक्ष्मी तोंडावर कन्नडातलं "सरी, सरी", बरं बरं, म्हणाली आणि आत जाऊन पिठाचा डबा आपटला.

दुसऱ्या दिवसापासून तिनं पहारा सुरू केला. एकटीनं अळंबीला जायचं नाही हे खरं, पण मी कुठे अळंबीला जातेय, मी चोर धरायला जातेय, अशी तिनं स्वतःची समजूत घातली. चंद्रकांतांची माकडटोपी कानावर ओढायची, वरून हिरवी शाल, आणि मागच्या दाराची कडी हळूच सरकवायची. कडी जुनी, गंजकी. कितीही हळू सरकवली तरी खडखडायचीच. भाग्यलक्ष्मी तिला मनातल्या मनात दोन शिव्या हासडायची आणि निघायची.

करंजामागे उभं राहून ती डोळ्यात तेल घालून बघायची. रुळावरून एखादी गाडी धडधडत जायची, कावळे जागे व्हायचे, कॉलेजची मुलं धावायला निघायची. अक्का मात्र येत नसे. चांगलं उजाडलं की भाग्यलक्ष्मी निघायची. निघताना सासूबाई आठवायच्या. नागोबाच्या दारी रिकाम्या हातानं उभं राहायचं नाही! मग पदराच्या गाठीतली हळद, कुंकू आणि गच्चीवरच्या कुंडीतली अबोलीची चार फुलं वारुळाला वाहून ती परतायची. संशयासाठी नियम वाकवला होता, पण भीतीपोटी पाळलाही होता. बाई तशी सरळमार्गीच.

असे काही दिवस गेले आणि एका पहाटे वारुळापाशी उदबत्तीची जळकी काडी दिसली.

भाग्यलक्ष्मी थबकली. ही तिची नव्हती. दोन दिवसांनी वारुळाला पिवळा दोरा गुंडाळलेला सापडला. मग दुधाची फाडलेली पिशवी, मग द्रोणात दोन अंडी. येतं कोण? येतंय, पण माझ्या वेळेला नाही, मी गेल्यावर येतंय. भाग्यलक्ष्मीनं विचार केला, आणि तिला लख्ख उलगडा झाला. अक्काच! आधी गुपचूप अळंबी खाल्ली, आता पाप बोचतंय, म्हणून नागोबाची माफी मागतेय. माझी मागायला मात्र जीभ झडते. तिच्या अंगाचा तिळपापड झाला. घरी येताना तिनं उगाचच एका कुत्र्यावर हाड हाड केलं.

दिवाळी आठवड्यावर आली आणि पुन्हा ढग गडगडला. या खेपेला तर दिवे गेले. सकाळी भिंतीवरून हाक आली.

"भाग्या! ऐकलंस ना रात्रीचं? परवा पहाटे जाऊया. मी टोपली काढून ठेवते."

भाग्यलक्ष्मी उभीच राहिली. या हाकेची ती वर्षभर वाट बघायची. आज मात्र तिच्या डोक्यात दुसरंच शिजत होतं. आपण नाही म्हणालो, तर ही एकटी जाते की नाही? गेली तर पकडू. रंगेहाथ.

"गुडघा धरलाय अक्का," ती म्हणाली. "चालवत नाही."

"अय्यो. फार दुखतोय?"

"फार. तुम्हाला जायचं तर जा हो."

मग कृष्णाबाई म्हणाली, "एकटीनं कसं जाणार गं? राहू दे मग."

बघा, नाटक! भाग्यलक्ष्मी हसली देखील.

तिसऱ्या पहाटे कडी खडखडली, माकडटोपी चढली, आणि गुडघा धरलेली बाई तरातरा रुळांच्या कडेनं निघाली. भगदाडातून आत शिरली. वारुळाभोवती चुरमुरे सांडावेत तशी अळंबी उगवली होती. टोकदार राखी डोकी, पांढरी अंगं, काही अजून मिटलेली, काही उमलून पसरलेली. ओल्या मातीचा तो वास. इतकी तर सासूबाईंच्या हयातीतही कधी आली नव्हती. भाग्यलक्ष्मीचे हात शिवशिवले. एकदा वाटलं, असंच धावत मागे जावं, भिंतीवरून ओरडावं, अक्का, या, लवकर या, टोपली मोठी आणा!

गेली असती तर किती बरं झालं असतं. पण संशय हा प्राणी असा, की एकदा मांडीवर घेतला की उठू देत नाही. ती करंजामागे जाऊन उभी राहिली. आत्ता येईल. आत्ता येईल. उजाडलं, शाळेच्या गाड्या वाजायला लागल्या, अक्का आली नाही. भाग्यलक्ष्मीनं एकाही अळंबीला हात लावला नाही. हळद-कुंकू वाहिलं, फुलं वाहिली आणि घरी आली. आता येईल ती, मी निघायचीच वाट बघत असेल, असं पुटपुटत.

दुसऱ्या दिवशी पाहते तर वारुळाभोवतालची जागा झाडून काढलेली. अळंबीचा मागमूस नाही. वर सडा घातलेला, बारकीशी रांगोळी काढलेली.

"झालं," भाग्यलक्ष्मी मोठ्यानं म्हणाली. "कळलं मला."

त्या दिवसापासून तिनं पहारा सोडला आणि भिंतही सोडली. कढीपत्त्याची डहाळी भिंतीवर आली की ती आतल्या खोलीत जायची. एकदा कृष्णाबाईनं दोनदा हाक मारली. भाग्यलक्ष्मीनं टीव्ही मोठा केला. डहाळी भिंतीवर तशीच वाळली. ती बघून भाग्यलक्ष्मीला वाईट वाटलं. फार वाईट वाटलं, रडू आलं. पण ते रडूही रागाच्या खाती जमा झालं.

दिवाळीला स्मृती आली. आल्या आल्या तिनं चकलीचा डबा मांडीवर घेतला आणि कोरमंगलातली पोरं कशी दोन मिनिटांवरच्या दुकानातूनही सामान घरी मागवतात ते सांगत बसली. मग मधेच म्हणाली, "आई, एक सांगायचंय. प्रॉमिस कर, चिडणार नाहीस."

"आधी सांग, मग चिडायचं की नाही ते ठरवते."

स्मृतीनं फोन पुढे केला. फोटो होता. टोपलीभर अळंबी, टोकदार डोक्यांची, लांब मुळांची, मुळांना माती चिकटलेली.

"दसऱ्यानंतर तो मोठा पाऊस झाला ना, तेव्हा. माझ्या रूममेटला खरी जंगली मशरूम खायची होती. विकतची नको, आपण काढलेली हवी म्हणाली. मग आदल्या संध्याकाळी दोड्डम्माकडून काठी नेली, पहाटे स्कूटरवरून आम्ही दोघी आलो, काढली, काठी तिच्या मागच्या दारात ठेवली आणि ऑफिसला पळालो. बटर-गार्लिकमध्ये केली. इतकी मस्त झाली, आई!"

"बटर-गार्लिक," भाग्यलक्ष्मी एवढंच म्हणाली.

"नियम पाळले हां सगळे! दोघी गेलो, सुरी लावली नाही, भोकं बुजवून थापटली. लहानपणी तुम्हीच नव्हतं का शिकवलं?"

"हळद-कुंकू?"

"अय्यो! ते राहिलंच."

राहिलंच. भाग्यलक्ष्मीच्या डोळ्यांसमोर ती पहिली पहाट उभी राहिली. कोरडं ठक्क वारूळ. मेल्यांनी हळद-कुंकूसुद्धा लावलं नाही बघ, असं अक्का म्हणाली होती. अक्का जीव गेला तरी वारुळाला कुंकू लावल्याशिवाय निघाली नसती. ते कोरडं वारूळच सांगत होतं की ही नव्हे. समोर दिसत होतं, आणि आपण माती तेवढी पाहिली, काठी तेवढी पाहिली.

"दोड्डम्मा काही म्हणाली?"

"म्हणाली, तुझ्या आईला सांगू नकोस. लेक गल्लीपर्यंत आली आणि घरी न येता गेली, हे तिला लागेल. माझ्यावर चिडली तर चिडू दे, मी काय, भिंतीपलीकडेच आहे." स्मृतीनं चकली मोडली. "तू चिडली होतीस का तिच्यावर?"

भाग्यलक्ष्मी उठली आणि थेट मागच्या भिंतीकडे गेली.

"अक्का!"

कृष्णाबाई यायला वेळ लागला. आली, पण तिच्या हातात डहाळी नव्हती.

"उद्या पहाटे जाऊया," भाग्यलक्ष्मी म्हणाली. "गुडघा आता बरा आहे."

कृष्णाबाईनं तिच्याकडे जरा पाहिलं आणि "बरं," म्हणाली. नुसतं बरं.

पहाटे दोघी निघाल्या. भाग्यलक्ष्मी बडबडत होती. स्मृतीचं सगळं सांगून टाकलं, बटर-गार्लिकवर हसून झालं, अळंबी नसली तर नसली, आपण नुसतं फिरून येऊ म्हणाली. पहाऱ्याचं तेवढं सांगितलं नाही. कृष्णाबाई हं हं करत होती. टोपली तिच्या काखेत होती.

भगदाड होतं तिथे आता वाट होती. कुणीतरी भिंतीच्या विटा काढून ती चांगली रुंद केली होती. आत करंजाखाली पत्र्याचं छप्पर. छपराला बल्बच्या माळा, केळीचे खांब, आणि मधे वारूळ. वारूळ कसलं, हळदीनं पिवळंधमक माखलेलं, चांदीचे डोळे लावलेलं, गळ्यात झेंडूचा हार. त्याच्या भोवताली सिमेंटचा चौथरा. चौथऱ्याला चकाकत्या फरशा. अळंबी जिथून यायची ती माती नखाएवढीही उघडी राहिली नव्हती.

एक ठेंगणी बाई लगबगीनं पुढे आली. "बन्नी अक्का, बन्नी," करत तिनं दोघींना बोलावलं आणि कन्नडमध्ये भराभर सांगायला लागली. किती जागृत स्थान आहे म्हणून सांगू! इथे कुणाला काही ठाऊक नव्हतं. दसरा झाल्यावर एक म्हातारी रोज पहाटे यायला लागली. हिरवी शाल, तोंड झाकलेलं. हळद, कुंकू आणि अबोलीची फुलं वाहायची, आणि उजाडलं की नाहीशी व्हायची. लाइनीपलीकडच्या वस्तीतल्या लोकांनी लांबून पाहिलं. कुठून येते, कुठे जाते, कुणाला कळेना. मग कळलं, ती साधी बाई नव्हेच, नागम्मा आहे, स्वतःची जागा दाखवायला आली होती. "तेव्हापासून आम्ही सेवा सुरू केली. आधी इथे फार घाण होती हो, कसलीकसली अळंबी उगवलेली. सगळी उपटून जागा स्वच्छ केली."

भाग्यलक्ष्मीला धरणी दुभंगून आत घेईल तर बरं असं झालं. ती पायांकडे बघत राहिली.

कृष्णाबाईनं वारुळाला हात जोडले. कुंकू लावून घेतलं. मग त्या बाईला सहज विचारावं तसं विचारलं, "अबोलीची फुलं म्हणालात?"

"हो, रोज. ताजी."

कृष्णाबाईनं मान हलवली. मल्लेश्वरमात अबोली पुष्कळ घरी होती, पण हिरवी शाल तिनंच गेल्या थंडीत भिंतीवरून दिली होती.

"अक्का-तंगी का तुम्ही?" प्रसादाचं केळं देताना त्या बाईनं कौतुकानं विचारलं. सख्ख्या बहिणी का?

"नाही," कृष्णाबाई म्हणाली. "पक्कद मने. शेजारी राहतो."

शेजारी. भाग्यलक्ष्मीनं केळं घेतलं आणि ते कुठे ठेवावं तिला कळेना.

परतताना अर्ध्या वाटेवर भाग्यलक्ष्मीला राहवेना. "अक्का, ती मी होते."

"माहीत आहे."

"शालीवरून कळलं ना?"

"आधीपासून. तुझी कडी वाजते गं." कृष्णाबाई चालता चालता बोलत होती, रागानं नाही, आणि तेच जास्त लागत होतं. "पहिल्या दिवशी वाजली, मला वाटलं आता हाक मारशील. मी उठले, टोपलीत अळंबीखाली घालायचं केळीचं पान घातलं, बसून राहिले. दुसऱ्या दिवशी पुन्हा वाजली. पुन्हा पान घातलं. रोज ताजं पान. म्हटलं आज नाही, उद्या बोलावशील. गुडघा दुखतो म्हणालीस ना, त्या पहाटेही वाजली. त्या दिवशी नाही घातलं."

"तुम्ही हाक का नाही मारली?"

"काय म्हणून मारू? चोरून जाणाऱ्याला हाक मारली तर त्याला वाटतं पकडलं."

भाग्यलक्ष्मीला हुंदका आला. "मला वाटलं, तुम्ही मला सोडून गेलात. तुमच्याशिवाय मला आहे कोण, अक्का?" असं ती भर रस्त्यात म्हणाली. दूध घेऊन चाललेला एक माणूस वळून बघत गेला. कृष्णाबाईनं टोपली या काखेतून त्या काखेत घेतली. आपलं फाटक आलं तशी ती आत गेली आणि फाटक लावून घेतलं.

त्या रात्री भाग्यलक्ष्मी जेवली नाही. स्मृतीनं विचारलं, "अळंबी मिळाली नाही म्हणून एवढं?" त्यावर ती लेकीवर खेकसली, मग तिच्या केसांवरून हात फिरवत बसली.

पहाटे ती उठली. माकडटोपी नाही, शाल नाही. मागच्या दाराची कडी मुद्दाम जोरात ओढली, इतकी जोरात की पलीकडे जयसिंगराव झोपेत खोकले. मग भिंतीपाशी गेली. जायला जागा उरली नव्हती, आणायला काही नव्हतं, आणि थोरले भावजी ऐकतील ही धास्तीही होतीच. तरी तिनं भिंतीवर दोन्ही हात ठेवले आणि मोठ्यानं हाक मारली.

"अक्का! चला ना."

कावळा ओरडला. तिनं पुन्हा हाक मारली, जयसिंगरावांना ऐकू जाईल अशी.

पलीकडून कृष्णाबाईचा आवाज आला, झोपेतला नव्हे, जागाच. "टोपलीत पान नाही घातलंय आज."

"टोपली नकोच," भाग्यलक्ष्मी म्हणाली. "नुसत्याच या."

ती भिंतीला धरून उभी राहिली. बऱ्याच वेळानं पलीकडची कडी वाजली.